दोन कव्हरं, एक लाल

९ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, ह्यांच्यात काय फरक पडतो ते रोज लिहून ठेवा. रोज कसला फरक पडतोय! तरी वही आणली.

हॉस्पिटलमधून घरी येऊन महिना होत आला. उजवा हात मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा. पाय ओढत बाथरूमपर्यंत जातात, मी मागे उभी. बोलण्यात एकच शब्द उरलाय, ‘चला’. पाणी हवं तरी चला, नको असलं तरी चला, माझा राग आला तरी चला. जन्मभर पाट्या रंगवल्या ह्यांनी. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. गावभर भिंतींवर शब्द काढत फिरलेला माणूस, आणि स्वतःजवळ एकच राहिला.

असलं लिहायला नव्हतं सांगितलं बाईंनी.

फरक: डाव्या हाताने चमचा धरला. अर्धं सूप शर्टावर.

१२ फेब्रुवारी

फोनचा घोळ काही संपत नाही. आमचे दोघांचे फोन एकदम घेतलेले, एकाच कंपनीचे, वर एकसारखी पारदर्शक कव्हरं. आता दोन्ही कव्हरं म्हाताऱ्या नखांसारखी पिवळी पडलीत. हे दर वेळी माझाच उचलतात. आज मी ज्या दुकानात कपडे दुरुस्त करते तिथल्या मालकीणबाई मला सकाळपासून फोन लावत होत्या, आणि फोन ह्यांच्या उशीखाली.

“अहो, हा माझा. तुमचा हा.”

“चला.”

“चला काय, चला!” मी ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

ह्यांच्या फोनला खूण म्हणून लाल चिकटपट्टी लावली तर ती नखाने सोलून काढली. नवं कव्हर घ्यायला गेले तर दुकानदार हसला. म्हणाला, ह्या मापाचं आता कुठे मिळतंय, फोनच बदला. घरात आधीच सगळं बदललंय, फोन तरी राहू दे.

मनात आलं, कव्हरच रंगवलं तर? रंग काही सोलता येणार नाही.

१४ फेब्रुवारी

रंगवलं. फसलं. दुकानात विटलेल्या काळ्या पँटी परत काळ्या करायला आम्ही कपड्यांचा रंग वापरतो, तसाच लाल रंग घरी घेऊन आले. जुन्या पातेल्यात गरम पाणी, मीठ, रंग, आणि त्यात कव्हर. बाहेर काढलं तेव्हा काय छान दिसत होतं! नळाखाली धरलं आणि सगळा रंग मोरीत वाहून गेला. कव्हर पहिल्यासारखंच पिवळं, कडांना तेवढी हिरड्यांसारखी गुलाबी झाक.

शेजारच्या ताई हसून म्हणाल्या, “तुम्हाला काय, वेळ जात नाही का?” माझा वेळ कुठे जातो ते मलाच ठाऊक.

१६ फेब्रुवारी

रंगवाल्याकडे गेले. त्याने कव्हर हातात घेऊन वाकवून पाहिलं. “मऊ आहे. लागेल ह्याला. पण सुती कपड्याचा रंग प्लास्टिक धरत नाही, पॉलिस्टरचा न्या. पाणी चांगलं कढत ठेवा, उकळू मात्र देऊ नका, नाहीतर कव्हराचा आकार जाईल. भांड्यात थेंबभर साबण टाका म्हणजे डाग पडणार नाहीत. आणि ते पातेलं परत जेवणाला घेऊ नका.”

“इतकं सगळं एका कव्हरासाठी?”

“ते तुम्ही मला सांगायचं,” तो म्हणाला.

कुठला रंग, विचारलं तर लाल म्हटलं. लांबून दिसणारा.

१७ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं आहे.

दुपारी खिडक्या उघड्या टाकल्या, हातमोजे चढवले, पातेलं ठेवलं. पाण्याला वाफ धरली तसा रंग ओतला. वास असा उग्र की डोळ्यांत पाणी. मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून वळले, तर दारात हे उभे! भिंतीला धरून, एकटे, खोलीतून इथवर चालत आलेले. ओरडणार होते, पण ह्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच. पातेल्याकडे होती.

खुर्ची ओढून बसवलं. कव्हर पाण्यात सोडलं. थोड्या वेळाने चिमट्याने वर काढून दाखवलं, “झालं?” मान हलली, नाही. परत बुडवलं. परत वर काढलं. मला तर लाल दिसत होतं, पण हे डोळे बारीक करून बघत राहिले आणि मान नाही म्हणाली. शिडीवरून उतरून, चार पावलं मागे जाऊन पाटीकडे बघायचे ना, अगदी तसे. मला विसरच पडला होता ह्या चेहऱ्याचा.

मी चिमटा धरून उभी. आणि एकदम, “चला!”

हे ‘चला’ म्हणजे काय ते कळायला मला कुणी शिकवायला नको होतं. झटकन बाहेर काढून गार पाण्यात टाकलं. गरम असताना ते चामड्यासारखं लोळागोळा झालं होतं, म्हणून फोनच्या मापाची लाकडी फळी आत घालून सुकत ठेवलं. रंग इतका सुरेख आलाय, गर्द, सगळीकडे सारखा. घासून पाहिला, निघत नाही.

आता घोळ मिटला. फरक: स्वयंपाकघरापर्यंत एकटे चालले.

१८ फेब्रुवारी

लाल कव्हर चढवून ह्यांचा फोन ह्यांच्या उशाशी ठेवला, माझा टेबलावर. कपडे वाळत घालून येते तोवर माझा फोन ह्यांच्या हातात. लाल फोन तसाच पडलेला, हातसुद्धा लागला नव्हता त्याला.

म्हणजे ह्यांची रंगांची ओळखही गेली. शब्द गेले, हात गेला, आता रंग. काल जे चेहऱ्यावर दिसलं ते माझ्या मनाचेच खेळ असणार. ह्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय, ते आज मोडलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि फोन हळूच उशीखाली सरकवला.

२० फेब्रुवारी

भाऊजींचा फोन आला. माझे धाकटे दीर. दोघे भाऊ मिळून पाट्यांचं दुकान चालवायचे. मग भाऊजींनी छपाईचं मशीन घ्यायचं काढलं. हे म्हणाले, मशीन दुकानात येईल त्या दिवशी मी बाहेर. भाऊजी म्हणाले, दादा, हाताने रंगवलेली पाटी आता कोण घेतं? शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी हे म्हणाले, “मी मेलो तरी येऊ नकोस.” दुसऱ्या दिवशी स्वतःच्या फोनमधून भावाचं नाव काढून टाकलं. मला म्हणाले, तूही काढ. मी काढलं नाही. भाऊजी अधूनमधून मला फोन करतात, ह्यांची चौकशी करतात, मी दोन शब्द सांगते. ह्यांना ठाऊक नाही.

आज म्हणाले, “वहिनी, बऱ्या आहात ना? परवाही फोन केलात, पण बोलला नाहीत.”

“मी? नाही हो. चुकून लागला असेल.”

भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले, “बरं बरं. समजलं. बोलता येत नसेल तिथून. असू दे, तुम्ही नुसतं लावत जा.”

काय समजलं कोण जाणे. फोनमध्ये पाहिलं तर खरंच, भाऊजींना बरेचदा लागलाय. भाऊजींच्या नावापुढे दोघा भावांचा शिडीवरचा जुना फोटो लावून ठेवलाय मी, तो मोठा दिसतो. ह्यांचं बोट लागत असणार त्यावर.

२३ फेब्रुवारी

बाई आल्या होत्या. मी रंगांचं सांगितलं. त्यांनी पिशवीतून रंगीत चकत्या काढल्या आणि टेबलावर पसरल्या. निळी द्या, दिली. हिरवी, दिली. दोन लाल चकत्या होत्या, मला सारख्याच वाटल्या. ह्यांनी त्या एकमेकींपासून लांब सरकवल्या आणि कपाळाला आठी घालून बाईंकडे पाहिलं.

बाई हसल्या. “ह्यांना रंग पक्के कळतात. काही गेलेलं नाही.”

“मग माझा फोन का घेतात?”

“ते तुम्ही त्यांना विचारा.”

विचारा म्हणे. उत्तर एकच आहे ह्यांच्याकडे.

२४ फेब्रुवारी

एक करून पाहिलं. लाल कव्हर काढून माझ्या फोनला घातलं आणि माझं पिवळं ह्यांच्या फोनला. दोन्ही समोर ठेवले. ह्यांनी आधी पिवळ्या कव्हराचा फोन घेतला. स्क्रीन उघडून आत काहीतरी शोधलं, बाजूला ठेवला. मग लाल उचलला, आत पाहिलं, आणि तो छातीशी धरून बसले.

म्हणजे चूक नाहीच. हे जाणूनबुजून माझा फोन घेतात. रंगवलं काय, न रंगवलं काय.

२५ फेब्रुवारी

नीट विचार केला. कारण एकच. ह्यांना कळलंय की भावाचं नाव मी काढलं नाही. फोटो पाहिला असणार. मी कधी बोलते, किती बोलते, ते बघतात. बोलता येत नाही म्हणून माझ्यावर नजर ठेवतात.

एवढी वर्षं संसार करून! अंघोळ मी घालायची, घास मी भरवायचा, आणि माझीच तपासणी. आज दाढी करताना मी एक शब्द बोलले नाही. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. सोडवून घेतलं.

२६ फेब्रुवारी

भाऊजींचं नाव काढून टाकलं. फोटोसकट. फोन ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “घ्या. बघा. नाही कुणी. झालं समाधान?”

ह्यांनी बघितलं. अंगठ्याने नावं वर सरकवत गेले, खाली आले, परत वर. मग परत पहिल्यापासून. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो ‘चला’ नव्हता. फोन भिंतीवर फेकला. लाल कव्हरामुळे वाचला, कोपऱ्याला तेवढी चीर गेली.

राग कसला आला? ह्यांना हवं होतं तेच तर मी केलं.

१ मार्च

व्यायाम करत नाहीत. उठवलं तर अंग टाकून देतात. जेवताना तोंड भिंतीकडे. माझ्या फोनला आता हातही लावत नाहीत, दिवसभर टेबलावर पडलेला असतो. जे मला हवं होतं ते झालं म्हणायचं.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, असे दिवस येतात, निराश होतात माणसं. हे कशाने झालं, मी विचारलं तर त्यांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला. तो हात किती हलका होता.

फरक: नाही. उलट मागे.

३ मार्च

हे आजच लिहायला हवं.

मी गॅलरीत दुकानाचं शिवण घेऊन बसले होते. आत माझा फोन वाजला. मालकीणबाई असतील, करतील परत, म्हणून धागा तोडेपर्यंत बसून राहिले. वाजायचा थांबला. मग आतून माणसाचा आवाज यायला लागला. घरात तर हे एकटे. दाराशी आले. फोन ह्यांच्या मांडीवर होता, आवाज मोठा सोडलेला, लाल कव्हराची कड ह्यांनी डाव्या मुठीत आवळून धरलेली.

भाऊजी बोलत होते.

“...इतके दिवस तुमचा फोन नाही आला वहिनी, म्हणून आज मीच केला. तुम्ही काही बोलू नका. नेहमीसारखं नुसतं ऐका. मलाही दुसरं कुणी नाही हे बोलायला. मी हॉस्पिटलला आलो होतो, हे मागेच सांगितलं तुम्हाला. खाली फाटकापाशी उभा राहून परत गेलो. दादा म्हणाला होता, मेलो तरी येऊ नकोस. आणि तो मेला कुठे? मग कुठल्या तोंडाने वर येऊ?”

हे हसले. तोंडाचा डावा कोपरा वर गेला आणि डोळ्यांतून पाणी खाली.

“आज एका दवाखान्याची पाटी छापली. डॉक्टर खूश झाले. मला मात्र दिवसभर त्यातलं ‘द’ टोचत होतं. त्याला पोटच नाही, वहिनी. मशीनला काय सांगणार? दादा असता तर तिथल्या तिथे फाडली असती. तुम्ही त्याला सांगू नका हं मी असं म्हणालो. त्याला वाटेल, धाकटा हरला.”

मी दारात उभी. किती दिवस चाललं होतं हे? मी नळाखाली भांडी घासत असताना, शिवण टिपत असताना हे भावाला फोन लावून नुसते ऐकत बसत होते. आणि तो मला समजून मन मोकळं करत होता. आणि मी? मी कव्हरं रंगवत होते. ह्यांच्या फोनमध्ये भाऊ नव्हता, माझ्यात होता. शेवटी तिथूनही मीच काढून टाकला.

आत गेले नाही. तेवढी अक्कल सुचली मला आज.

“ठेवू का वहिनी?” भाऊजी म्हणाले. “काळजी घ्या.”

ह्यांचा जबडा हलला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, आत्ता काहीतरी होतं ह्यांना. “च... चला,” हे म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दादा?”

“चला.”

“दादा, तू... किती दिवस... प्रत्येक वेळी तूच होतास?”

“चला. चला. चला.”

शेवटी मी आत जाऊन फोन हातात घेतला. म्हटलं, “भाऊजी, मी बोलतेय. ह्यांना आता एवढंच बोलता येतं. पण हे तुम्हालाच म्हणतायत ते.”

४ मार्च

ह्यांनी सकाळी स्वतःहून व्यायामाला हात पुढे केला.

मी भाऊजींचा नंबर परत घातला. दोन्ही फोनांत. ह्यांच्या फोनमध्ये घालायच्या आधी त्यांच्यापुढे धरून विचारलं, “घालू?” ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं. म्हटलं, मला वाटलं तुम्ही माझ्यावर नजर ठेवताय. ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. जड होता. बरं वाटलं.

मनात अजून एक आहे, ते लिहून टाकते. ह्यांना एक शब्द बोलता येत होता, तो बोलायला कुणी हवं होतं, आणि ते मी नव्हते. मी तर दिवसभर समोर होते. ह्याचं वाईट वाटणं बरोबर की चूक, ते ठरत नाही.

७ मार्च

भाऊजी आले. दाराबाहेर चपला काढून तिथेच उभे राहिले, किती पिकलेत केस! बाजूला घेऊन मला म्हणाले, “वहिनी, रागावणार नाही ना तो?” म्हटलं, रागावले तरी एकाच शब्दात रागावतील.

भाऊजी आत गेले आणि खाटेशेजारी जमिनीवर बसले. ह्यांनी बघितलं, तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊजी बसून राहिले. मग ह्यांनी भिंतीकडेच तोंड ठेवून डावा हात मागे केला, आणि भाऊजींनी तो धरला.

बाईंनी परवा सांगितलं होतं, घरातल्या वस्तूंवर नावं लावा, रोज वाचून शब्द परत यायला मदत होते. मी ते भाऊजींना सांगितलं. ते पटकन म्हणाले, “उद्या छापून आणतो मशीनवर,” आणि जीभ चावली. ह्यांची मान हळूहळू भिंतीकडून वळली. ती नजर बघून भाऊजी हात जोडून म्हणाले, “नाही नाही. हाताने काढतो. आत्ता काढतो.”

रंग, ब्रश, पुठ्ठे घेऊन आले. मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही जरा आडव्या व्हा. मी आहे इथे. उठवायचं असलं तर मी उठवीन, बाथरूमला मी नेईन. तुमचा चेहरा बघा आरशात.”

पाठ टेकली आणि पुढचं काही आठवत नाही. दोन महिन्यांत दिवसा झोपले नव्हते, रात्रीही एक कान जागाच असायचा.

जाग आली ती आवाजाने. घाबरून उठले, दाराशी गेले. खोलीभर पुठ्ठे पसरलेले. ‘खिडकी’, ‘दार’, ‘पाणी’. भाऊजी खाटेच्या कडेला बसलेले, कानाच्या पाळीला रंग लागलेला. आणि हे, उशीला टेकून ताठ बसलेले, डाव्या मुठीत ब्रश धरून ‘पाणी’मधल्या ‘पा’वर काट मारत होते. हात कापत होता, पण काट चांगली जाड होती.

“दादा, काय चूक आहे त्यात? नीट बघ तरी! सरळ आहे तो काना!”

“चला!”

“अरे, सरळच आहे! तुला डोळे आहेत का?”

ह्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि दुसरी काट मारली. भाऊजींनी पुठ्ठा हिसकावून घेतला. ह्यांनी तो परत ओढला. दोघांचेही चेहरे लाल झाले होते.

मी दार आवाज न करता लोटून घेतलं आणि पुन्हा आडवी झाले.